खुडूक बदक मधेच उठते आणि अर्धी अंडी गार पडतात: दर वर्षीच्या या नुकसानीचे निदान आणि उपाय

घरगुती बदके पाळणाऱ्यांची दर वर्षी ऐकू येणारी तक्रार साधारण एकाच साच्याची असते. मादी महिनाभर चिकाटीने अंड्यांवर बसते, चार-पाच पिल्ले निघतात, ती घेऊन मादी पाण्याकडे निघून जाते आणि मागे राहिलेली सहा-सात अंडी एका रात्रीत गार पडतात. ती फोडून पाहिली, तर त्यांपैकी बहुतेकांत पिल्ले असतात. मग कोणी म्हणते मादीच नादान, कोणी म्हणते थंडी बाधली, कोणी विजेच्या कडकडाटाला दोष देते. सिंधुदुर्गातील आमच्या घरी गावठी बदकांचा पंधरा-वीसांचा कळप आहे आणि पहिली दोन वर्षे आम्हीही मादीलाच दोष देत होतो.

तिसऱ्या वर्षी मागे राहिलेली सहा अंडी मी पडवीत बसून एकेक करून फोडली. पहिल्यात ओल्या पिसांचे जवळजवळ पूर्ण पिल्लू होते. डोके उजव्या पंखाखाली वळवलेले, चोच वर, पण पोटाशी सुपारीएवढा पिवळा बलक अजून बाहेरच होता. दुसऱ्यातले पिल्लू त्याहून लहान आणि बलक त्याहून मोठा. तिसऱ्यात डोळे ठळक काळे दिसत होते, पण पिसे नुकती कुठे फुटू लागली होती. शेवटच्या अंड्यात बोटाच्या पेराएवढा जीव आणि त्याभोवती शिरांचे जाळे, एवढेच. सहा अंडी आणि सहा वेगवेगळी वये. हा प्रकार एका दिवशी बसवलेल्या अंड्यांत होऊच शकत नाही. मादी बसल्यानंतरही कळपातील बाकीच्या माद्या पंधरा-सोळा दिवस तिच्या घरट्यात अंडी घालत राहिल्या होत्या, आणि आम्ही ती काढून घेण्याऐवजी "बघा, किती अंडी झाली" म्हणून खूश होत होतो.

मूळ कारण

गावठी बदकाच्या अंड्यातून पिल्लू निघायला सुमारे २८ दिवस लागतात, आणि हे दिवस अंडे घातल्यापासून नव्हे तर अखंड ऊब मिळू लागल्यापासून मोजायचे असतात. कळपापासून दूर, एकटी असलेली मादी रोज एक अंडे घालते, घरटे भरेपर्यंत त्यावर बसत नाही आणि भरल्यावरच ठाण मांडते. त्यामुळे पहिले अंडे बारा दिवसांचे आणि शेवटचे आदल्या दिवसाचे असले, तरी सगळ्यांची वाढ एकाच दिवशी सुरू होते आणि पिल्लेही एक-दोन दिवसांच्या अंतराने एकत्र निघतात. निघण्यापूर्वीच पिल्ले कवचाच्या आतून आवाज करू लागतात आणि मादी हलक्या स्वरात त्यांना उत्तर देते. पहिली पिल्ले वाळून अंगाखाली हिंडू लागली, की साधारण एक ते दोन दिवस ती वाट पाहते आणि नंतर उठते. जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्याला यापेक्षा अधिक थांबणे परवडणारे नसते, कारण निघालेली पिल्ले पहिल्याच दिवसापासून चालू शकतात आणि घरट्याचा वास मुंगसापर्यंत पोहोचलेला असतो. मागे राहिलेल्या अंड्यांसाठी निघालेली पिल्ले धोक्यात घालायची नाहीत, हा तिचा हिशेब आहे, आणि तो बरोबर आहे.

कळपात हा हिशेब बिघडतो. बदके बहुधा पहाटे अंडी घालतात आणि आधीच अंडी असलेली जागा त्यांना सुरक्षित वाटते. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, मादी खाण्यापिण्यासाठी दिवसातून एक-दोनदा, पंधरा-वीस मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत उठते. तेवढ्यात दुसरी मादी घरट्यात शिरून अंडे घालून जाते. काही धीट माद्या तर ती बसलेली असतानाच शेजारी अंग घुसवतात. खुडूक मादी परक्या अंड्याला हाकलत नाही. चोचीने ओढून पोटाखाली घेते.

आधीच सांगायला हवे की, पहाटे खुराडे उघडताना अंडी गोळा करण्याची सवय असलेल्या घरात ही समस्या कमी दिसते, कारण घरट्यात अंडी साठतच नाहीत. मादीला "तिच्या मनाप्रमाणे" बसू द्यायचे ठरवले, की नेमके हे सुरू होते.

बसवण्याआधी करायची तयारी

सर्वांत खात्रीचा उपाय पहिल्या दिवसाच्या आधीचा आहे. घरट्यात चुन्याची, लाकडाची किंवा तीही नसल्यास नदीतल्या गुळगुळीत गोट्यांची चार-पाच खोटी अंडी ठेवावीत आणि खरी अंडी रोज सकाळी काढून घ्यावीत. ज्या अंड्यांतून पिल्ले हवीत ती घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात, कोरड्या वाळूच्या परातीत, निमुळते टोक खाली करून ठेवावीत. फ्रिजमध्ये ठेवू नयेत. धुऊही नयेत, कारण कवचावरचा नैसर्गिक थर निघून गेला की जंतू सहज आत शिरतात. फारच माखलेले अंडे सरळ भाजीला घ्यावे. सात दिवसांपेक्षा जुनी अंडी शक्यतो बसवू नयेत आणि उन्हाळ्यात हीच मुदत चार दिवसांवर आणावी, कारण कोकणातल्या एप्रिलच्या उकाड्यात अंड्यातील जीव मादी न बसताही अर्धवट वाढू लागतो आणि मग दगावतो.

मादी खरोखर खुडूक झाली की नाही, हे ओळखण्यात घाई करू नये. नुसती दुपारी घरट्यात बसते म्हणजे ती बसली, असे नाही. लागोपाठ दोन-तीन रात्री तिने घरट्यातच काढल्या, छातीची मऊ पिसे उपटून पेंढ्यात अंथरली, हात जवळ नेताच अंग फुगवून फुत्कार टाकला आणि उठताना अंडी पिसांनी झाकून ठेवली, म्हणजे समजावे. त्यानंतर एखाद्या रात्री, अंधारात, खोटी अंडी काढून साठवलेली सगळी खरी अंडी एकदम तिच्याखाली सरकवावीत. मध्यम आकाराच्या गावठी बदकाला दहा अंडी पुष्कळ झाली. कडेची अंडी उघडी पडतात आणि मादी ती आलटून पालटून आत-बाहेर करते, त्यामुळे जास्त अंडी ठेवली तर सगळ्यांनाच थोडी थोडी थंडी लागते. ती तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहावी. प्रत्येक अंड्याभोवती मऊ पेन्सिलीने पूर्ण गोल रेघ काढावी. नुसती फुली काढली तर ती नेमकी खालच्या बाजूला जाते आणि सापडत नाही. मादीच्या ओल्या, तेलकट पिसांनी रेघ पुसट होते, म्हणून आठवड्याने ती पुन्हा गिरवावी. पुढे रोज, मादी फिरायला उठली की, रेघ नसलेले अंडे उचलायचे.

याहून चांगला उपाय म्हणजे ते अंडे तिथे पडूच न देणे. खुडूक मादीला दुसरीकडे हलवले तर अनेकदा ती बसायचेच सोडते. म्हणून मादी न हलवता तिच्या भोवती जाळीचा आडोसा उभा करावा, साधारण चार फूट लांब आणि चार फूट रुंद. हलवण्यावाचून गत्यंतर नसेल, तर रात्री, खोट्या अंड्यांसह, पेंढ्यासकट उचलून न्यावे आणि नव्या जागी दोन दिवस नीट बसली तरच खरी अंडी द्यावीत. आडोसा पत्र्याचा किंवा झापांचा बंदिस्त नसावा; कळपाला ती आणि तिला कळप दिसत राहिला पाहिजे, नाही तर महिन्याभराने ती परत येते तेव्हा बाकीची बदके तिला परकी समजून मारतात. जाळी खालून किमान दोन फूट अर्ध्या इंचाची असावी. एक इंचाच्या जाळीतून पहिल्या आठवड्यातले पिल्लू सहज बाहेर जाते, परत यायचे त्याला सुचत नाही आणि पलीकडे मोठी बदके उभीच असतात.

आत दाण्याचे आणि पाण्याचे भांडे घरट्यापासून तीन-चार फुटांवर ठेवावे, म्हणजे मादीला उठावेच लागेल. खुडूक मादी दिवसभराची विष्ठा साठवून एकदम टाकते, तिचा लोंदा मोठा आणि वास असह्य असतो. दाणे चोचीजवळ ठेवले, तर तो घरट्यातच पडतो आणि अंडी नासतात. पाण्यासाठी रुंद घमेले द्यावे. मादी त्यात अंग भिजवून परत येते आणि त्या ओलाव्याने अंड्यांना हवी ती आर्द्रता मिळते. वेगळे पाणी शिंपडण्याची गरज पडत नाही.

तारीख एकच असूनही पिल्ले एकदम निघत नाहीत

इथे बहुतेक वेळा जातींचा घोळ असतो. मस्कोव्ही बदक, म्हणजे लाल मांसल तोंडाचे, आवाज न करणारे, हे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून आलेले वेगळ्याच प्रजातीचे बदक आहे आणि त्याची अंडी फुटायला सुमारे ३५ दिवस लागतात. गावठी आणि मस्कोव्ही अंडी एकाच दिवशी एका मादीखाली ठेवली, तर गावठी पिल्ले आठवडाभर आधी निघतात आणि मादी त्यांच्यामागे उठते. मस्कोव्ही नर आणि गावठी मादी यांच्या संकरित अंड्यांना या दोहोंच्या मधली मुदत लागते, आणि त्यांतून निघालेली पिल्ले वांझ असतात. तेव्हा एका घरट्यात एकाच जातीची अंडी ठेवावीत. मस्कोव्ही मादी मात्र बसण्यात सर्वांत चिवट. ज्याला पिल्ले मादीकडूनच वाढवून घ्यायची आहेत, त्याने कळपात एक-दोन मस्कोव्ही माद्या ठेवाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

खाकी कॅम्पबेल बसतच नाही, ही तक्रार मात्र समस्या मानू नये. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशरमध्ये ॲडेल कॅम्पबेल या बाईंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही जात अंड्यांसाठी तयार केली. वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देणाऱ्या बदकाला महिनाभर बसून राहायला सवड नाही. जास्त अंड्यांसाठी निवड करता करता खुडूकपण त्या जातीतून जवळपास गळून गेले आहे. तिची अंडी गावठी मादीखाली किंवा खुडूक कोंबडीखाली ठेवावीत. कोंबडीखाली पाच-सहाच ठेवावीत, दिवसातून दोनदा हाताने फिरवावीत, आणि कोंबडी अंग भिजवून येत नसल्याने शेवटच्या आठवड्यात त्यांवर कोमट पाण्याचा हलका शिडकावा करावा. कोंबडीची स्वतःची अंडी सोबत ठेवायची असतील तर ती सात दिवस उशिरा ठेवावीत, कारण त्यांना २१ दिवसच लागतात.

सगळी अंडी तशीच राहतात, पिल्लू एकही नाही

आठव्या रात्री मोबाइलचा टॉर्च अंड्याच्या रुंद टोकाशी धरून पाहिले, की निम्मे निदान तिथेच होते. जिवंत अंड्यात मधोमध काळा ठिपका आणि त्यातून कोळ्याच्या पायांसारख्या फुटलेल्या लाल शिरा दिसतात. आत सगळे स्वच्छ दिसले तर ते अंडे फळलेलेच नाही. शिरांऐवजी लाल कडे दिसले तर जीव सुरुवातीलाच गेला. अशी अंडी काढून टाकावीत, कारण ती पुढे नासून घरट्यातच फुटतात आणि बाकीच्यांवर जंतूंचा थर बसतो. बरीच अंडी स्वच्छ दिसली, तर नराकडे पाहावे. पाच-सहा माद्यांमागे एक नर असावा. नर कमी असले तर अंडी फळत नाहीत, आणि जास्त असले तर आपापसांत भांडून आणि माद्यांना बेजार करून तोच परिणाम साधतात.

मादी मधेच कायमची उठली, तर आधी तिला उचलून तिचा बांधा हाताने चाचपावा. आडोशात कोरडा दाणा नियमित मिळत नसेल, तर ती उपाशी बसून बसून एवढी हडकुळी होते, की शेवटी जीव वाचवायला उठते. नंतर घरट्याचा पेंढा हातात घेऊन पाहावा. त्यात बारीक किडे वळवळत असतील, तर रात्रीच्या चावण्याने ती हैराण झालेली असते आणि पेंढा पूर्ण बदलणे हाच उपाय आहे. पावसाळी हवेत बुरशी धरलेला पेंढा अजिबात वापरू नये, त्याची धूळ पिल्लांच्या फुप्फुसात जाऊन ती धापा टाकत मरतात. घुशीचे बीळ जवळ आहे का, तेही पाहावे. तासाभराच्या गैरहजेरीने घाबरून अंडी टाकून देऊ नयेत. थंड लागली तरी पुन्हा मादीखाली ठेवावीत आणि दोन दिवसांनी टॉर्चने तपासावीत.

कवच टोचले, पण पिल्लू बाहेर येत नाही

यातली बहुतेक पिल्ले आपल्या मदतीनेच मरतात. पहिल्या टोचेपासून बाहेर येईपर्यंत २४ ते ४८ तास लागणे स्वाभाविक आहे. त्या काळात पिल्लू नुसते पडलेले दिसले, तरी आत उरलेला बलक पोटात ओढून घेणे आणि पडद्यातल्या शिरांतले रक्त परत घेणे चालू असते. कवच सोलले की त्या शिरा तुटतात. निघालेल्या पिल्लांना खायला घालण्याचीही घाई नको. पोटातल्या बलकावर ती दोन दिवस सहज काढतात.

या दिवसांत हात घालायचा तो फक्त मुंग्यांसाठी. टोचलेल्या अंड्याच्या ओलाव्यावर लाल मुंग्या तुटून पडतात आणि पिल्लू आतच मरते. घरटे पेटीत असेल तर पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत, जमिनीवर असेल तर अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आधीच चारही बाजूंनी चुलीच्या राखेची रुंद रेघ ओढून ती कोरडी ठेवावी. कीटकनाशकाची पूड घरट्याजवळ आणू नये. पेटीचा उंबरठाही तपासावा, कारण तो वीतभर उंच असेल तर बाहेर पडलेले पिल्लू परत मादीखाली जाऊ शकत नाही. आम्ही तिथे एक चपटा चिरा टेकवून ठेवतो.

एवढे करूनही एखादे अंडे मागे राहिलेच आणि मादी उठली, तर ते कानाशी धरावे. आतून टकटक किंवा बारीक चिवचिव ऐकू आली, तर दुसऱ्या खुडूक मादीखाली किंवा कोंबडीखाली ते द्यावे आणि निघालेले पिल्लू वाळल्यावर त्याच रात्री, अंधारात, आईच्या पोटाखाली सरकवावे. पहिल्या दोन दिवसांत मादी ते बिनतक्रार स्वीकारते. नंतर ओळखून चोच मारते.

पिल्ले निघतात, पण आठवड्यात एकेक नाहीशी होतात

पिल्लू पूर्णच नाहीसे झाले तर मुंगूस, कावळा, भारद्वाज किंवा घोरपड यांच्यावर संशय घ्यावा. तळ्यात सोडत असाल तर मोठ्या मरळ माशावरही घ्यावा. पिल्लू मान मुरगळलेले, पण तिथेच पडलेले सापडले, तर ते कळपातल्याच नराचे किंवा दुसऱ्या मादीचे काम असण्याची शक्यता अधिक. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे आडोसा काढू नये आणि नंतरही पहिली भेट मोकळ्या अंगणात, दिवसाढवळ्या, आपण समोर असताना घडवावी. बंद खुराड्यात रात्री एकत्र कोंडणे टाळावे. पाण्याशेजारी भिजून मेलेले पिल्लू दिसले तर दोष हौदाच्या उभ्या भिंतींचा. आईबरोबरची पिल्ले लवकर पोहतात, पण दमल्यावर बाहेर पडायला त्यांना चिऱ्यांची पायरी लागते.

पाय वाकडे पडणे, गुडघे सुजणे, पिल्लू बसून सरपटणे हे बहुधा खाद्याचे दुखणे असते. बदकाच्या पिल्लांना नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जास्त लागते, खाद्याच्या किलोमागे सुमारे ५५ मिलिग्रॅम, आणि नुसत्या कण्यांवर ते मिळत नाही. कोंबडीच्या पिल्लांच्या स्टार्टर खाद्यात ब्रुअर्स यीस्ट मिसळावे, जोडीला थोडी सुकट आणि ताजा कोंडा द्यावा. अंडी घालणाऱ्या बदकांचे चुनखडीयुक्त खाद्य पिल्लांना देऊ नये. आडोशात मादीनेही पिल्लांचेच खाद्य खाल्ले तर तिचे काही बिघडत नाही. आणि बुरशी धरलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड कितीही स्वस्त मिळाली तरी आणू नये, कारण त्यातल्या अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाला बदकाचे पिल्लू फारच लवकर बळी पडते. इंग्लंडमध्ये १९६० साली टर्कीची पिल्ले लाखाच्या घरात मेली, त्यानंतर शोध घेताना हे विष सापडले ते शेंगदाण्याच्या पेंडीतच. खाद्याजवळ पाणी कायम असावे, एवढे खोल की पिल्लाची चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल; कोरडा भुगा त्यांच्या घशात अडकतो.

पिल्ले सात-आठ आठवड्यांची होऊन अंगावर खरी पिसे आली, की मादी त्यांना चोचीने दूर करू लागते आणि थोड्याच दिवसांत पुन्हा अंडी घालायला सुरुवात करते. त्या सकाळपासून खोटी अंडी पुन्हा घरट्यात ठेवावीत आणि खरी रोज उचलावीत. दुसऱ्यांदा बसू द्यायचे की नाही, हे तिचे अंग भरलेले पाहूनच ठरवावे.